हुगळीकाठचं डॅनिश गाव आणि मराठीचे पहिले खिळे

१८०५ या सालाने मला फार वर्षं धरून ठेवलं आहे. त्या एका वर्षात मिरजेत भगवद्गीता छापली गेली. त्याच वर्षी तिथून शेकडो कोसांवर, हुगळी नदीच्या काठी, डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालच्या एका गावात हिंदुस्थानात छापलेलं मराठीचं पहिलं व्याकरण बाहेर पडलं. दोन्ही गोष्टी मुद्रणाच्या इतिहासात नोंदलेल्या आहेत, अभ्यासकांना माहीत आहेत. पण एक नोंद एका पानावर आणि दुसरी भलत्याच पानावर असते. त्या शेजारी ठेवल्या की मराठी पुस्तकाच्या जन्माची वेगळीच हकिकत समोर येते.

आमच्या पाटण खोऱ्यात जुन्या घरांच्या माळ्यांवर अजून मोडीचे रुमाल सापडतात. वतनाचे कागद, देण्याघेण्याच्या याद्या, भावाभावांची वाटणीपत्रं. ती लिपी शिकताना एक प्रश्न मनात घर करून बसला: बोरूच्या एका झटक्यात धावणारी ही मोडी कधी छापली गेली होती का? उत्तर शोधत शोधत श्रीरामपूरला पोचलो. नगर जिल्ह्यातलं नव्हे, बंगालमधलं. हावड्याहून लोकल धरली की लिलुआ, बेलूर, बाली, उत्तरपाडा, कोन्नगर, रिषडा अशी स्थानकं मागे टाकत अर्ध्या तासात येतं ते. स्थानकावर उतरून नदीच्या दिशेने निघालं की सारं जुनं गाव पायी, सावकाश, एका दिवसात पाहून होतं. उत्तर युरोपातलं एक शहर पाहायला लोक विमानाने कोपनहेगनला जातात. त्या शहराच्या हुकमाने चालणारं एक गाव आपल्याच देशात नव्वद वर्षं नांदलं आणि त्यात आपल्या भाषेचं एवढं मोठं काम झालं, हे मात्र आपण विसरलो.

इतिहास थोडक्यात सांगतो. १७५५ मध्ये डॅनिश कंपनीने नवाब अलिवर्दी खानाकडून इथे वखार घालण्याची परवानगी मिळवली आणि राजा पाचवा फ्रेडरिक याच्या नावावरून गावाला फ्रेडरिक्सनगोर म्हणायला सुरुवात केली. नदीच्या याच पट्ट्यात वरच्या अंगाला फ्रेंचांचं चंदननगर, डचांचं चुंचुडा, पोर्तुगीजांचं बंडेल. इंग्रज आणि फ्रेंच एकमेकांशी लढत तेव्हा डेन्मार्क तटस्थ असे. त्यामुळे दोन्हीकडचा माल डॅनिश जहाजांतून जाई आणि गावाची भरभराट होई. कलकत्त्यात कर्जाने बुडालेले साहेब इथे येऊन लपत, कारण इंग्रजांचं वॉरंट इथे चालत नसे. पुढे नेपोलियनच्या युद्धांत डेन्मार्क ओढला गेला, १८०८ ते १८१५ गाव इंग्रजांच्या ताब्यात गेलं, आणि तो व्यापार पुन्हा उठला नाही. १८४५ मध्ये डेन्मार्कने श्रीरामपूर आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं तरंगमबाडी मिळून साडेबारा लाख रुपयांना ईस्ट इंडिया कंपनीला विकून टाकलं.

गावाचा मध्य आजही ओळखू येतो. डॅनिश गव्हर्नरचं निवासस्थान, त्याच्यापासून चार पावलांवर सेंट ओलाव्हचं चर्च, आणि तसंच पुढे नदीवर निशाण घाट. चर्चच्या कपाळावर सातव्या ख्रिश्चन राजाचं राजचिन्ह कोरलेलं आहे, समोरच्या चौकात डॅनिश तोफा आहेत. चर्चचं काम १८०० मध्ये सुरू झालं ते गव्हर्नर ओले बी याच्या हौसेने. हा माणूस जन्माने नॉर्वेचा. नॉर्वे तेव्हा डेन्मार्कच्याच राजाखाली होता, आणि ओलाव्ह हा तर नॉर्वेचा संत-राजा. हुगळीकाठच्या देवळाला आपल्या मुलखातल्या संताचं नाव मिळालं, यात बीच्या मनातली घरची ओढ मला स्पष्ट दिसते. वर्गणीत गव्हर्नर जनरल वेलस्लीनेही हजार रुपये घातले. पलीकडच्या तीरावर बराकपूरला त्याची बाग होती, आणि तिथून पाहताना समोर एक मनोरा असता तर देखावा पुरा झाला असता, असं तो म्हणाल्याचं सांगतात. चर्च १८०६ मध्ये पुरं झालं. ते पाहायला बी उरला नाही, आदल्याच वर्षी तो इथेच वारला.

मधल्या काळात चर्चचं छत धोक्यात आलं, दारं बंद झाली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयाने २००८ पासून श्रीरामपुरातल्या जुन्या वास्तूंसाठी काम हाती घेतलं, इथल्या वारसा संस्था सोबत आल्या, आणि २०१६ मध्ये चर्च पुन्हा उघडलं. त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कार त्याला मिळाला. निशाण घाटाजवळची डेन्मार्क टॅव्हर्न ही १७८६ सालची खाणावळ. मोडकळीला आलेली ती इमारतही उभी केली गेली आणि २०१८ पासून तिथे कॉफी पीत नदी बघत बसता येतं. दुपारपर्यंतचा वेळ एवढ्यातच सरतो आणि सरू द्यावा. नदीवरून पलीकडे जाणाऱ्या होड्या, घाटावर कपडे धुणारी माणसं, गोल खांबांचे उंच व्हरांडे. पावलोपावली थांबायला होतं.

याच नदीवर आपल्या लोकांनी काय केलं होतं, हेही इथे उभं राहून आठवलं पाहिजे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांची फौज भास्करपंत कोल्हटकरांच्या हाताखाली बंगालमध्ये उतरली. त्याच वर्षी हुगळी शहर मराठ्यांच्या हाती गेलं. कलकत्त्याच्या इंग्रजांनी घाबरून शहराभोवती खंदक खणला, तो मराठा खंदक म्हणूनच प्रसिद्ध झाला. १७४४ मध्ये अलिवर्दीने भास्करपंतांना भेटीला बोलावून दगा केला. स्वाऱ्या चालूच राहिल्या आणि १७५१ मध्ये साल बारा लाख चौथाईवर तह झाला. त्या दहा वर्षांत बंगालच्या खेड्यांनी जे भोगलं ते गंगाराम नावाच्या समकालीन बंगाली कवीच्या 'महाराष्ट्र पुराण' या काव्यात आहे. बंगाली आया अजूनही बर्गी येईल या भीतीवर लेकरं निजवतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर. हा इतिहास मराठी माणसाने मान खाली घालूनच वाचावा, असं माझं मत आहे.

आणि हे रघूजी भोसले मूळचे कुठले? सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातल्या देऊरचे. नागपूरचं राज्य खालसा झाल्यावरही इंग्रजांनी त्या घराण्याला जो किताब दिला तो राजेबहादूर देऊर असा. बंगालची मोहीम कोणाच्या वाट्याला, हा रघूजी आणि नानासाहेब पेशवे यांच्यातला वाद १७४३ मध्ये साताऱ्यात शाहू छत्रपतींनी मिटवला आणि पूर्वेकडचा मुलूख रघूजींना दिला. म्हणजे हुगळीच्या काठावरच्या त्या दहशतीचा कागद साताऱ्यात झाला. हे देऊरचं घराणं या लेखात आणखी एकदा येणार आहे, शाईच्या रूपात.

*

नदीकाठाने दक्षिणेकडे चालत गेलं की श्रीरामपूर महाविद्यालयाचे उंच खांब दिसू लागतात. १८१८ मध्ये स्थापन झालेल्या या महाविद्यालयाला १८२७ मध्ये डेन्मार्कच्या राजा सहाव्या फ्रेडरिकने पदव्या देण्याची सनद दिली. आतला लोखंडी जिनाही त्याच राजाची भेट. इथल्या संग्रहालयात विल्यम कॅरी यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. कॅरी हे नाव मुद्रणाच्या इतिहासात एवढं मोठं आहे की त्यांच्याविषयी नव्याने सांगण्यासारखं थोडं. इंग्लंडमधला चांभारकाम करणारा एक तरुण स्वतःच्या बळावर भाषा शिकतो, धर्मप्रसारासाठी १७९३ मध्ये बंगालमध्ये येतो, निळीच्या कारखान्यावर दिवस काढतो. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, धंद्याला त्रास नको म्हणून. १७९९ च्या ऑक्टोबरमध्ये मार्शमन, वॉर्ड हे मिशनरी आणि त्यांचे सोबती जहाजातून आले ते थेट डॅनिश हद्दीत उतरले. त्यांना परत पाठवा असा दबाव आला तेव्हा ओले बीने साफ नकार दिला. दक्षिणेतल्या डॅनिश तरंगमबाडीत त्याची श्वार्ट्झ या पाद्र्याशी ओळख झालेली होती, त्यामुळे मिशनऱ्यांविषयी त्याच्या मनात आदर होता. १० जानेवारी १८०० रोजी कॅरीही येऊन मिळाले आणि वॉर्डच्या हाताखाली छापखाना सुरू झाला.

इथे एक क्षण थांबायला हवं. ओले बीने तेव्हा पाठ फिरवली असती तर हा छापखाना उभा राहिला नसता. मराठीच्या सुरुवातीच्या छापील पुस्तकांच्या पायाशी एका नॉर्वेजियन अधिकाऱ्याचा नकार आहे. बीचं नाव आपल्या एकाही पाठ्यपुस्तकात मी पाहिलेलं नाही.

कॅरी १८०१ पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात बंगाली आणि संस्कृत शिकवू लागले. वेलस्लीने हे महाविद्यालय काढलं ते कंपनीच्या कोवळ्या कारकुनांना देशी भाषा याव्यात म्हणून. थोड्याच दिवसांत मराठीची गरज पडली, आणि ती का पडली हे तारखा पाहिल्या की कळतं. सप्टेंबर १८०३ मध्ये असईची लढाई, नोव्हेंबरमध्ये आडगावची, डिसेंबरमध्ये देवगावचा तह. नागपूरकर भोसल्यांचा कटक प्रांत इंग्रजांकडे गेला. जिंकलेल्या मुलखात दप्तर मराठीत, हिशेब मराठीत, वकील मराठीत बोलणारे. कॅरींकडे मराठीचंही काम आलं आणि त्यांच्या हाताशी एक मराठी पंडित आले: वैजनाथशास्त्री. पुस्तकांवर वैजनाथ शर्मा, इंग्रजी कागदांत वैद्यनाथ आणि आणखी दोन-चार वळणांनी लिहिलेलं नाव. मूळ नागपूरकडचे, आणि फोर्ट विल्यममध्ये मराठीचे मुख्य पंडित.

या माणसाने मला गुंतवून ठेवलं आहे. नागपूरकरांचा पराभव झाला, त्याच मुलखातला एक शास्त्री जिंकणाऱ्यांच्या शाळेत आपली भाषा शिकवायला बसला. त्या काळातल्या ब्राह्मण शास्त्र्याने पाद्र्याच्या शेजारी बसून परधर्माच्या ग्रंथाला मराठी शब्द पुरवायचे, ही सोपी गोष्ट नव्हती. पोटासाठी केलं असेल, पण नुसत्या पोटासाठी इतकं काम होत नाही. १८०५ मध्ये व्याकरण आलं, त्याला रोजच्या विषयांवरचे संवादही जोडलेले. त्याच वर्षी मॅथ्यूचं शुभवर्तमान मराठीत आलं. १८१० मध्ये मराठी-इंग्रजी शब्दकोश. मग १८१४ मध्ये 'सिंहासन बत्तिशी', १८१५ मध्ये 'हितोपदेश', १८१६ मध्ये 'राजा प्रतापादित्याचे चरित्र'. हे शेवटचं रामराम बसू यांच्या बंगाली पुस्तकावरून केलेलं. आणि त्याच सुमाराला 'रघूजी भोसल्यांची वंशावळी'.

ही वंशावळी म्हणजे देऊरच्या त्या घराण्याची. ज्यांच्या घोडेस्वारांच्या भीतीने या नदीकाठची गावं ओस पडली होती, त्यांचीच कुळकथा सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी याच नदीच्या काठावर बंगाली कारागिरांनी कापलेल्या अक्षरांत छापली गेली. छापण्याचा हेतू रोकडा होता: साहेबाला मराठी गद्य वाचायला हवं आणि मराठी घराणी कळायला हवीत. पण साताऱ्याकडच्या एका घराण्याचा इतिहास पुस्तक होऊन पहिल्यांदा कुठे आला, असं कोणी विचारलं तर श्रीरामपूर हेच उत्तर द्यावं लागतं.

वैजनाथांचा दिवस कसा जात असेल? थेट त्यांचं वर्णन मिळत नाही, पण कॅरींनी १८०६ मध्ये एका मित्राला आपल्या दिवसाचा हिशेब लिहून पाठवला तो उपलब्ध आहे. पहाटे पावणेसहाला उठणं, हिब्रू बायबल वाचणं, चहा येईपर्यंत मुन्शीबरोबर फारसी, न्याहारी होताच पंडिताबरोबर संस्कृतातून रामायणाचं भाषांतर, दहा वाजता महाविद्यालय. दुपारी मुद्रितं तपासणं, मग मृत्युंजय विद्यालंकारांबरोबर संस्कृत, संध्याकाळी तेलुगू पंडित हजर. एका माणसाभोवती इतके पंडित फिरताना दिसतात. कॅरींच्या नावावर जे ग्रंथ आहेत ते या रांगेचं सामूहिक काम आहे. कॅरी ते नाकारत नाहीत, व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्यांनी आपल्या मराठी पंडिताचं ऋण मानलं आहे. रॉबर्ट होम या चित्रकाराने काढलेल्या कॅरींच्या प्रसिद्ध चित्रात शेजारी एक पंडित बसलेले आहेत आणि ते मृत्युंजय असल्याचं मानलं जातं. बंगालने त्यांना लक्षात ठेवलं, बंगाली गद्याच्या इतिहासात त्यांचं प्रकरण असतं. आपल्या वैजनाथांना आपण तळटिपेत ठेवलं.

*

आता मोडीकडे येतो, कारण इथे खरी करामत आहे.

व्याकरण देवनागरीत छापावं लागलं. रोजचा सारा मराठी व्यवहार मोडीत चालतो हे कॅरींना माहीत होतं, पण त्यांच्याकडे मोडीचे खिळे नव्हते. ते कोणी तरी पाडायचे होते. श्रीरामपूरच्या छापखान्यात पंचानन कर्मकार होते. जातीने लोहार, त्रिवेणी गावचे, १७७८ मध्ये हुगळीत हालहेडचं बंगाली व्याकरण छापलं गेलं तेव्हा चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली बंगाली अक्षरं कापायला शिकलेले. त्यांनी हे कसब जावई मनोहर यांना दिलं. पंचानन लवकर वारले, पण मनोहर पुढची चाळीस वर्षं अक्षरं कापत राहिले. बंगाली, ओडिया, देवनागरी, चिनीसुद्धा. देशी लोहाराचा हात आणि युरोपातली खिळ्यांची विद्या यांचा मेळ इथे बसला.

खिळा कसा होतो ते समजून घेतलं तर त्या कामाची किंमत कळते. पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं, नको तेवढा भाग कानशीने घासून काढायचा. दिव्याच्या काजळीवर ते टोक धरायचं, कागदावर ठसा उमटवून पाहायचा, पुन्हा घासायचं. मनासारखं झालं की पोलाद कडक करून तो ठसा तांब्याच्या तुकड्यात ठोकायचा. ती मातृका. मग हातसाच्यात मातृका बसवून त्यात शिसं, कथील, अँटिमनीचा रस ओतायचा. एक रस, एक खिळा. देवनागरीला काना-मात्रा-वेलांट्या आणि जोडाक्षरं धरली तर अशा शेकडो मातृका लागतात.

मोडीला तर आणखीच कठीण. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग तिला लोंबकळती अक्षरं काढत जातो. हात उचलायचा नाही, एका अक्षराचा शेपटा पुढच्या अक्षरात शिरतो. शब्द कुठे संपला हे वाचणाऱ्याने ओळखायचं. ही वाहती लिपी सुट्या चौकोनी तुकड्यांत बसवायची म्हणजे धावणाऱ्या माणसाला पावलागणिक थांबवण्यासारखं. श्रीरामपूरच्या कारागिरांनी ते केलं. १८१० चा शब्दकोश मोडी अक्षरांत आला आणि नंतरची गोष्टींची, चरित्रांची पुस्तकंही मोडीतच. या छापील मोडीच्या प्रतिमा आता घरबसल्या पडद्यावर पाहता येतात. रुमालातल्या मोडीची सवय असलेल्या डोळ्यांना ती आधी विचित्र वाटते. अक्षरं वेगवेगळी उभी, गाठी नेमक्या, प्रत्येक 'क' हुबेहूब मागच्या 'क'सारखा. पण दोन पानं गेली की आपण सरसर वाचू लागतो, आणि रुमाल वाचताना जी धाप लागते ती इथे लागत नाही. माझ्या मते मोडीला मिळालेली सगळ्यांत सुवाच्य काया हीच. पुढे मुंबईत सरकारी आणि शालेय छपाई बाळबोधीत स्थिरावली, मोडी दप्तरातच राहिली आणि तिथेच थकली. छापखान्याची वाट तिला खुली झाली होती. ती वाट पुढे चालवली गेली नाही, एवढंच.

महाविद्यालयापासून जवळच एक तागाची गिरणी आहे. जुना मिशनचा परिसर आणि कॅरींची वनस्पतींची बाग तिच्या आवारात गेली. भिंतीबाहेरून चालत जाताना आतल्या छापखान्याची खूण कुठेही दिसत नाही. इथेच ११ मार्च १८१२ च्या संध्याकाळी आग लागली. छपाईची लांबलचक इमारत, कागदाचे ढीग, कितीतरी भाषांचे जुळवलेले खिळे, आणि कॅरींचं कित्येक वर्षांचं काम असलेली हस्तलिखितं जळाली. अनेक भाषांचा मिळून एक कोश त्यांनी घेतला होता, तोही गेला. कॅरी त्या दिवशी कलकत्त्यात होते. मार्शमन ती बातमी सांगायला स्वतः गेले. दुसऱ्या दिवशी राख उपसताना लक्षात आलं की पोलादी ठसे आणि तांब्याच्या मातृका शाबूत आहेत. शिसं वितळून गोळा झालं होतं, तेच पुन्हा ओतायला घेतलं. काही आठवड्यांत छपाई चालू झाली. 'सिंहासन बत्तिशी' त्यानंतर दोन वर्षांनी आली, हे ध्यानात घ्या. खिळे वितळले तरी मातृका राहते, आणि मातृका राहिली की भाषा पुन्हा ओतता येते. मनोहर कर्मकारांच्या कामाचं मोल त्या राखेत कळलं.

*

आता मिरजेकडे चला. कोयनेचं पाणी पाटणावरून कऱ्हाडला कृष्णेत मिळतं आणि पुढे सांगली-मिरजेच्या शेतांत जातं. त्या अर्थाने ही गोष्ट माझ्या घरची आहे.

पुण्यात चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील होता. त्याच्यामुळे चित्रं काढणं, तांब्यावर कोरणं अशा कला पुण्यातल्या कारागिरांना जवळून पाहायला मिळाल्या. जेम्स वेल्स या चित्रकाराबरोबर काम केलेल्या गंगाराम तांबटाची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. त्याच वातावरणात नाना फडणविसांच्या मनात आलं की गीता छापून ब्राह्मणांना वाटावी. एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरायला बसवलं. १८०० च्या मार्चमध्ये नाना वारले, पुण्याची घडी विस्कटली आणि तो तांबट मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला. मिरजेत नुकतंच भाऊबंदकीचं वादळ होऊन गेलं होतं. पुतणे चिंतामणराव १८०१ मध्ये वेगळे होऊन सांगलीला गेले होते. तशा दिवसांत गंगाधररावांनी हे काम पदरी घेतलं, पुरं केलं, आणि १८०५ मध्ये मिरजेत तांब्याच्या पत्र्यांवरून गीतेच्या प्रती निघाल्या. मराठी मुलखात मराठी माणसाने, मराठी धन्याच्या खर्चाने केलेली ही छपाई आहे. मिरज तंतुवाद्यांसाठी आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यासाठी प्रसिद्ध आहे, यासाठीही असायला हवी.

पण या दोन छपायांत फरक आहे आणि तो निर्णायक ठरला. पत्र्यावर पान जसंच्या तसं उलटं कोरतात. कोरलेल्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओलसर कागद दाबायचा. निघतं ते सुंदर, सहीसही पोथीसारखं. मात्र त्या पत्र्यावरून गीतेचं तेच पान निघेल, दुसरं काही नाही. नवं पुस्तक हवं तर पहिल्यापासून कोरायचं. श्रीरामपूरच्या खिळ्यांनी आज व्याकरण जुळवा, उद्या सोडून कथा जुळवा. मिरजेच्या तांबटाचं कसब कर्मकारांपेक्षा तसूभर कमी नव्हतं. कमी पडला तो भोवतालचा संसार: कागदाचा पुरवठा, शिकाऊ हात, पंडित, नेमाने पुस्तक मागणारं एखादं महाविद्यालय, आणि लढायांच्या धामधुमीत सुरुवातीची काही वर्षं शांतता देणारी एक तटस्थ हद्द. डॅनिश गावाने नेमकं ते दिलं.

तिसरं टोक तंजावरचं. तिथले सर्फोजी राजे लहानपणी ज्या श्वार्ट्झच्या मायेखाली होते, तो डॅनिशांच्या तरंगमबाडीतूनच तंजावरला आलेला. सर्फोजींनी त्याच दशकात राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टी मराठीत 'बालबोध मुक्तावली' म्हणून छापवून घेतल्या. म्हणजे हिंदुस्थानात डॅनिशांची दोन मुख्य गावं, आणि दोन्हींचा धागा मराठी मुद्रणाच्या सुरुवातीला लागलेला. हा योग मला नुसता योगायोग वाटत नाही. छोट्या, लढाई टाळू पाहणाऱ्या राष्ट्राच्या आसऱ्याला भाषेची कामं वाढतात, असं त्यातून दिसतं.

श्रीरामपुरी मराठीवर पुढे टीका झाली. १८१३ मध्ये मुंबईला आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती भाषांतरं इथल्या लोकांच्या कानाला परकी वाटली. त्यांनी स्वतःची भाषांतरं केली आणि १८१७ मध्ये आपली छपाई सुरू केली. मोल्सवर्थचा १८३१ चा कोश आल्यावर तर कॅरी-वैजनाथांचा कोश मागेच पडला. नागपुरी वळणाची, बंगालात बसून लिहिलेली मराठी म्हणून तिची हेटाळणीही झाली. ही हेटाळणी मला अन्यायाची वाटते. पुण्या-मुंबईची मराठी तेव्हा प्रमाण ठरायची होती. नागपूरच्या शास्त्र्याची मराठी ही मराठीच होती. तिच्यात वऱ्हाडाकडचं पाणी होतं म्हणून ती अशुद्ध ठरत नाही. उलट नंतर जे मराठी गद्य पुण्याच्या साच्यात ओतलं गेलं, त्याआधी एक मोकळं वळण छापलं गेलं होतं याचा तो पुरावा आहे. बोलीभाषांचा अभ्यास करणाऱ्यांनी ही पुस्तकं पुन्हा उघडावीत. त्यातल्या संवादांत १८०५ च्या आसपासची बोलती मराठी आहे, आणि त्या काळचं इतकं बोलतं गद्य दुसरीकडे सहज मिळत नाही.

संध्याकाळी मिशनच्या दफनभूमीत कॅरी, मार्शमन आणि वॉर्ड यांच्या समाध्या पाहता येतात. कॅरी ९ जून १८३४ ला गेले. बंगालने, डेन्मार्कने, इंग्लंडने आपापली माणसं जपली आणि त्यासाठी पैसा, वेळ, अभ्यास खर्च केला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी विकून टाकलेल्या गावातलं एक चर्च वाचवायला कोपनहेगनचं संग्रहालय येतं, यातून आपण धडा घ्यावा. आपल्या बाजूने करायच्या गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. वैजनाथशास्त्र्यांच्या सगळ्या पुस्तकांची मोडी पानं आणि समोर बाळबोध लिप्यंतर अशी आवृत्ती एखाद्या विद्यापीठाने काढावी. मोडी वाचणारी तरुण मुलं आता गावोगाव तयार होत आहेत, त्यांना रुमालांसोबत हे छापील वाचन द्यावं. मिरजेत १८०५ च्या गीतेची पाटी लागावी. शाळेच्या पुस्तकात मराठी मुद्रणाचा धडा असतो, त्यात कॅरींच्या शेजारी वैजनाथ, मनोहर कर्मकार, ओले बी आणि मिरजेचा तो तांबट यांना जागा मिळावी. मराठी पुस्तक एका माणसाने जन्माला घातलं नाही. एक शास्त्री, एक लोहार, एक पाद्री आणि नकार देण्याची हिंमत असलेला एक परका अधिकारी एका गावात काही वर्षं टिकले, म्हणून ते जन्मलं. नव्या भाषांतरांच्या आणि नव्या यंत्रांच्या या दिवसांतही मराठीला लागणार आहे ती हीच चौकडी.